गोष्ट घेऊन मुंबईला जाण्यापूर्वी

(अकोला येथे समाजातील होतकरू लेखक-कलावंतांसाठी भरविलेल्या कथा-पटकथा शिबिरातील भाषण. स्मरणिकेसाठी शब्दांकित.)



टीव्ही आणि चित्रपटाच्या निर्मात्यांपुढे आपली कथा कशी मांडावी, हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. प्रारंभीच सांगून टाकतो की मी काही नावाजलेला पटकथाकार नाही. हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेली. जयंतीच्या मंचावर आठ-दहा एकांकिका बसविल्या, एवढेच माझे भांडवल. मग या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कसा? तर मी निर्मात्याच्या दारात जाऊन रिकाम्या हाताने परत आलेला माणूस आहे. वाटेतला खड्डा कुठे आहे हे त्यात पडलेल्यालाच नेमके सांगता येते. म्हणून मी आलो.

आधी माझीच हकीकत सांगतो. माझी आई अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये मजुरीला जात असे. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की पहाटे डबा बांधून निघायची, ती दिवेलागणीला परत. केसांत, भुवयांवर रुईचे तूस. रात्रभर खोकायची. आठवड्याचा चुकारा अंगठ्यावर मिळायचा. सहा दिवस काम करावे आणि मुकादमाने हजेरीपटावर चारच दिवस मांडावेत, असे महिनोन्महिने चालले होते. बायांना ठाऊक होते, पण कागद वाचता येत नव्हता. मी तेव्हा दुसरीत होतो. आईने मला सांगितले, अक्षरे राहू दे, मला फक्त आकडे शिकव. चुलीपुढे राखेत मी आकडे काढायचो आणि ती बोटाने गिरवायची. पंधरा दिवसांत ती शिकली. पुढच्या चुकाऱ्याला तिने अंगठा देण्याआधी हजेरीपटावर बोट ठेवले आणि आपल्या नावापुढचा आकडा मोठ्याने वाचला. मग शेजारणीचा वाचला. मग तिसरीचा. त्या दिवशी मुकादमाला सगळ्यांचे सहा-सहा दिवस मांडावे लागले.

ही गोष्ट घेऊन मी २००३ साली विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. एका ओळखीच्या गृहस्थांनी एका निर्मात्याची वेळ मिळवून दिली होती. त्याचे नाव मी घेणार नाही, आणि ते का घेत नाही तेही पुढे सांगतो. मी अर्धा तास बोललो. समोरच्या दोघांनी चहा दिला, टिपणे काढली, “मास्तर, छान आहे, पण आमच्या प्रेक्षकाला जिनिंग माहीत नाही” असे म्हणाले आणि निरोप दिला. माझ्याजवळ त्या भेटीचा एकही कागद नव्हता. मी काही लिहून नेले नव्हते, दिले नव्हते, पाठविले नव्हते. नुसते सांगून आलो.

दोनेक वर्षांनी आम्ही घरी मालिका पाहत होतो. एका मोठ्या बंगल्यातली सून, घरच्या कारखान्याच्या हिशेबाची वही सर्वांसमोर उघडते, बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचते आणि दिवाणजीची चोरी पकडते. मी ताडकन उठून उभा राहिलो. आई मात्र शांतपणे म्हणाली, “हे त माहीच गोठ व्हय रे. पन हिच्या हाताले रुई नाई लागली.”

मी आठवडाभर संतापलो होतो. वकील गाठायचे, पेपरात लिहायचे, असे सारे मनात येऊन गेले. एका वकील स्नेह्याने विचारले, “पुरावा काय?” मी गप्प. मग तो म्हणाला, “आणि पुरावा असता तरी ती कल्पना त्यांना स्वतंत्रपणे सुचली नसेल कशावरून?” यालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. हिशेबाची चोरी पकडणारी बाई जगात एकटी माझी आईच थोडी आहे? म्हणून मी नाव घेत नाही. ज्याच्यावर आरोप सिद्ध करता येत नाही त्याचे नाव सभेत घेऊ नये, हे मी मुलांना शिकविले आहे.

पण त्या निमित्ताने कायदा वाचला, आणि तो तुम्हांला सांगणे हेच आजचे मुख्य काम आहे.

आपल्या देशात या बाबतीतला पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला. आर. जी. आनंद नावाचे नाटककार होते. त्यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले आणि १९५४ साली दिल्लीत त्याचे प्रयोग झाले. प्रांताप्रांतांतला दुरावा हा विषय. चित्रपट निर्माते-दिग्दर्शक मोहन सेहगल यांनी त्यात रस दाखविला आणि १९५५ च्या जानेवारीत नाटककाराने त्यांना संपूर्ण नाटक वाचून दाखविले. पुढे काही कळले नाही. १९५६ साली सेहगल यांचा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्यातही पंजाबी मुलगा, मद्रासी मुलगी आणि प्रांतभेद! आनंद न्यायालयात गेले. दोन दशकांनी अंतिम निकाल लागला आणि ते हरले. न्यायालयाने म्हटले त्याचा सारांश असा: कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना किंवा दंतकथा यांच्यावर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो ती कल्पना ज्या रीतीने मांडली, ज्या क्रमाने रचली, ज्या पात्रांत आणि संवादांत उतरविली त्या मांडणीवर. चित्रपटात हुंड्यासारखे इतर धागे होते आणि मांडणी पुष्कळ वेगळी होती, म्हणून ती नक्कल ठरली नाही.

हा निकाल वाचून प्रथम मी खचलो. नंतर विचार केला, तर तो आपल्याही फायद्याचा आहे. उद्या कोणी म्हणाले की जातीवर, दुष्काळावर, शिक्षणावर चित्रपट काढण्याचा मक्ता माझा, तर? विषय सर्वांचा राहतो, म्हणूनच तुम्हांला आणि मला लिहिता येते. त्यातून आपण शिकायचे ते असे, की नुसता विषय घेऊन जाऊ नका, विषयाची रचलेली गोष्ट घेऊन जा, आणि ती कागदावर घेऊन जा.

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा, २००३ सालचा. सनडायल कम्युनिकेशन्स या संस्थेने ‘कृष कन्हैया’ नावाच्या मालिकेची संकल्पना झी टेलिफिल्म्सपुढे मांडली होती. पुढे तशाच धर्तीची मालिका येऊ घातली तेव्हा ते न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यांना संरक्षण दिले. येथे मुद्दा केवळ स्वामित्वहक्काचा नव्हता, विश्वासाचाही होता. एखादी तपशीलवार, नवी संकल्पना विश्वासाने कोणाच्या हाती दिली असेल, तर घेणाऱ्याला ती परस्पर वापरता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने मानले. आनंद हरले आणि हे जिंकले, यातला फरक ध्यानात घ्या. संकल्पना पुरेशी विकसित असावी, ती कोणाला व केव्हा दिली ते दाखविता यावे, आणि ती विश्वासाने दिली आहे हे स्पष्ट असावे. गंमत पाहा, ज्या वर्षी हा निकाल लागला त्याच वर्षी मी मुंबईत चहा पिऊन, हात हलवीत परत आलो!

आता व्यवहाराकडे वळू.

पहिली गोष्ट, विषय आणि कथा यांतला भेद. तुम्ही म्हणाल, “सर, माझ्याजवळ खारपाणपट्ट्याचा विषय आहे.” उत्तम. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचे पाणी खारे. विहीर आहे पण तोंडी लावता येत नाही, आणि पिकाला दिले तर जमीन बिघडते. विषय मोठाच आहे. पण निर्माता विचारील, गोष्ट कोणाची? त्याला काय हवे आहे? आड काय येते? आणि ते मिळाले नाही तर त्याचे काय जाते? समजा, त्या गावातल्या मुलीला बाहेरगावचे स्थळ आले आहे आणि गावात मात्र पाण्यामुळे कोणी मुलगी द्यायला तयार नाही. तिच्या भावाचे लग्न अडले आहे. भावाने गाव सोडावे की गोड्या पाण्यासाठी भांडावे? आता कुठे गोष्ट सुरू झाली. बंद पडलेली आपली मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे हाही विषयच आहे. तिच्या शेवटच्या फेरीत कोण बसले होते आणि ते कोणापासून दूर चालले होते, हे सांगितलेत की गोष्ट झाली.

दुसरी गोष्ट, एक वाक्य. निर्मात्याजवळ वेळ थोडा असतो. पहिल्या दोन मिनिटांत त्याचे लक्ष गेले तर उरलेली वीस मिनिटे वाया. म्हणून आपली कथा एका वाक्यात सांगण्याचा सराव करा. मी माझी आज अशी सांगेन: ‘अक्षरओळख नसलेली जिनिंगमधली मजूर बाई हजेरी चोरणाऱ्या मुकादमाला पकडण्यासाठी आपल्या दुसरीतल्या मुलाकडून फक्त आकडे शिकते.’ यात माणूस आहे, अडचण आहे, उपाय आहे, आणि “पुढे काय?” हा प्रश्न आहे. २००३ साली मी सुरुवात कशी केली होती ठाऊक आहे? “विदर्भातील कापूस उद्योगातील असंघटित कामगार महिलांच्या शोषणाचा प्रश्न...” समोरचा माणूस तेव्हाच घड्याळाकडे पाहू लागला होता. चूक त्याची नव्हती.

तिसरी गोष्ट, कागद. एका पानाचे संकल्पना-टिपण, तीन-चार पानांचा कथासारांश, आणि मालिका असेल तर मुख्य पात्रांची ओळख, पहिल्या काही भागांची रूपरेषा व एका भागाची पूर्ण पटकथा. प्रत्येक पानावर नाव आणि तारीख. मुंबईला जाण्यापूर्वी त्याची नोंदणी करावी. पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, आजची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, आपल्या सभासदांच्या लेखनाची नोंदणी करते, आणि ती आता घरबसल्या संगणकावरूनही होते. ही नोंदणी म्हणजे मालकीचा सातबारा नव्हे. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याजवळ होता याचा तो पुरावा आहे. पण तोच पुरावा माझ्याजवळ नव्हता. भेट झाल्यावर त्याच दिवशी एक साधा ईमेल पाठवा: “आज आपली भेट झाली, मी अमुक कथा सांगितली, टिपण सोबत जोडले आहे, आपल्या विचारार्थ विश्वासाने देत आहे.” चार ओळींना पैसे लागत नाहीत.

चौथी गोष्ट, सही. काही ठिकाणी कथा ऐकण्यापूर्वीच छापील कागदावर सही मागतात. ‘आमच्याकडे अशाच कल्पना आधीपासून असू शकतात, तुमची तक्रार राहणार नाही’ अशा अर्थाचा मजकूर असतो. तो वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या आजोबांनी न वाचता अंगठे दिले म्हणून काय झाले, हे तुम्हांला निराळे सांगावयास नको. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. चित्रपटगृहातील प्रदर्शन सोडून इतर मार्गांनी चित्रपट वापरला गेला, तर त्यातील लेखनाच्या रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. म्हणजे कोणी सोडचिठ्ठी लिहून मागितली तरी ती कायद्यापुढे टिकत नाही. आणि लेखक म्हणून आपले नाव लागण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही आपल्याजवळ राहतो.

आता तुम्ही विचाराल, आपल्या गोष्टींना तेथे कोण विचारतो? मित्रहो, हा प्रश्न मीही वर्षानुवर्षे विचारला. इतिहास काय सांगतो? अण्णा भाऊ साठे यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लिहिले आणि ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. त्यांच्या कथेवरचा ‘वैजयंता’ १९६१ साली आणि ‘फकिरा’ १९६३ साली पडद्यावर आला. पडद्याने त्यांच्या कथा घेतल्या, पण १८ जुलै १९६९ रोजी ते गेले ते हलाखीतच. आपल्या वऱ्हाडचे गाडगेबाबा १९७७ साली ‘देवकीनंदन गोपाला’ मध्ये डॉ. श्रीराम लागू यांच्या रूपाने दिसले. अकोल्याचे कवी डॉ. विठ्ठल वाघ यांचे तिफणीवरचे गीत ‘अरे संसार संसार’ मधून १९८१ साली महाराष्ट्रभर गेले. वऱ्हाडची माती त्यांना चालत नाही, हे खरे नव्हे. बाबासाहेबांवरचा डॉ. जब्बार पटेल यांचा चित्रपट २००० साली प्रदर्शित झाला, त्यामागे शासनाचे पैसे होते. २०१९ साली मात्र एका खाजगी मराठी वाहिनीने बाबासाहेबांवर मालिका सुरू केली. शासनाच्या तिजोरीशिवायही हा प्रेक्षक आहे, हे बाजाराने मान्य केले, असा मी त्याचा अर्थ लावतो.

नागराज मंजुळे यांचे उदाहरण तर तुमच्यासमोरच आहे. ते आधी लांबलचक कथा सांगत दारोदार फिरले नाहीत. ‘पिस्तुल्या’ हा लघुपट करून दाखविला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग २०१३ चा ‘फँड्री’ आणि २०१६ चा ‘सैराट’. पंधरा मिनिटांचे स्वतःचे काम हे पन्नास पानांच्या वर्णनापेक्षा जास्त बोलते. आज हातातल्या मोबाईलवर ते करता येते. ‘कोर्ट’ मधला लोकशाहीर नारायण कांबळे ज्यांनी उभा केला ते वीरा साथीदार नागपूरचे, चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ साली कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. गोव्याच्या फिल्म बाजारात आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पटकथा कार्यशाळेत नव्या लेखकांना निर्मात्यांपुढे उभे राहता येते. तेथे अर्ज करा. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा करा. पण घरदार, शेत विकून चित्रपट काढण्याच्या गोष्टी ऐकून लगेच पेटू नका. त्यांतले यशस्वी तेवढे आपल्याला ऐकू येतात.

कोणाच्या लेखनावरून कथा करायची असेल तर तोही कायदा पाहा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले आहेत. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांवर मात्र २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे, परवानगी घ्यावीच लागेल. आपण ज्यांना आपले मानतो त्यांचे लेखन फुकट घेण्याचा आपल्याला विशेष हक्क नाही.

आणि आता शेवटची गोष्ट. ती कायद्याच्या पुस्तकात मला सापडली नाही.

त्या मालिकेनंतर मी घरात धुसफुसत होतो. “चोरली माझी गोष्ट, चोरली,” असे दहादा म्हणालो असेन. आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुही गोठ? अन् तू तरी मले कवा इचारलं होतं?”

मित्रहो, मी खरोखरच विचारले नव्हते. तिचा खोकला, तिची हजेरी, तिचा तो मुकादम, सारे मी माझे म्हणून मुंबईला घेऊन गेलो होतो. वर तिच्या तोंडी दोन खोटे संवादही घातले होते, परिणाम साधावा म्हणून. ज्या निर्मात्यावर मी चिडलो होतो, त्याच्या आधी हे काम मीच केले होते. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलवर २०२२ साली ‘झुंड’ आला. तो प्रदर्शित होण्यापूर्वी एका खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क कोणाकडे, यावरून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. ज्याचे जीवन त्याला विचारणे आणि ते लिहून घेणे, ही आता व्यवहाराचीही गरज आहे. पण व्यवहार नसता तरी ते करायलाच हवे होते.

दुसऱ्या दिवशी मी आईपुढे वही घेऊन बसलो. तिने सगळे पुन्हा सांगितले आणि माझ्या चार चुका काढल्या. पंधरा नव्हे, बावीस दिवस लागले होते. सात आणि नऊ यांत ती शेवटपर्यंत गोंधळायची. आणि ज्या दिवशी तिने आकडे वाचले, त्याच्या पुढच्याच आठवड्यात तिला कामावरून काढले होते, हे मला कधीच माहीत नव्हते. मी लहान होतो, म्हणून तिने सांगितले नव्हते. म्हणजे गोष्टीचा शेवट मला ठाऊकच नव्हता! मी जी कथा मुंबईत सांगितली ती अर्धी होती, आणि खरी कथा जेथे सुरू होते तेथे मी ती संपविली होती. वहीच्या शेवटी आईने सही केली. अंगठा नाही, सही. तोवर ती प्रौढ शिक्षण वर्गात अक्षरेही शिकली होती. आई आता नाही. वही आहे, आणि तिची नोंदणी झालेली आहे.

म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे. या शिबिरातल्या प्रत्येकाने पुढच्या रविवारी एक पान लिहून आणावे. घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून, त्याच्या संमतीने, त्याला वाचून दाखवून. संस्थेने एक रजिस्टर ठेवावे, त्यात कथेचे नाव, सांगणाऱ्याचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख मांडावी. निर्माता घेईल न घेईल. पण उद्या कोणी विचारले की ही गोष्ट कोणाची, तर हजेरीपटावर बोट ठेवून मोठ्याने वाचता आले पाहिजे.



जयभीम, जय भारत.